माणसं बदलली, रचना तीच

‘खेळाडूच कमी पडले, अमोरिम काय करणार’ असं मँचेस्टर युनायटेडचा तेव्हाचा प्रशिक्षक अमोरिमबद्दल म्हटलं जातं, ते मत पटत नाही. २०२५च्या युरोपा लीगच्या बिलबाओमधल्या फायनलमध्ये ४२व्या मिनिटाला टॉटनहॅमच्या (म्हणजे स्पर्सच्या) जॉन्सनचा गोल झाला आणि मग स्पर्स मागे सरकून बसले. पुढे त्यांचा एकटा स्ट्रायकर सोलांकी, त्याला सांभाळायला आपले युनायटेडचे तीन सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू! मग हल्ल्यात माणूस कमी पडणारच. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच त्यातला एक काढून मिडफिल्डर ब्रुनोला वर सरकवायला हवं होतं, तो कासेमिरोशेजारी मागे अडकला होता. गार्नाचो आणि झर्कझी उतरले थेट ७१व्या मिनिटाला, तेही माउंट आणि होयलुंड या पुढच्याच खेळाडूंच्या जागी. बचाव जसाच्या तसा. त्या मोसमात प्रीमियर लीगमध्ये पंधराव्या नंबरावर घसरलो तेही बऱ्याच अंशी रचना न बदलण्याच्या याच हट्टापायी, आणि त्याचाच जास्त संताप येतो.