प्रोपेलरच्या व्युत्पत्तीत पंखा नाही

प्रोपेलर म्हणजे 'फिरणारा पंखा' असं कुणीतरी लिहिलंय. वस्तूचं वर्णन म्हणून ठीक, पण मूळ शब्दात फिरणं कुठेच नाही. लॅटिनमध्ये 'प्रो' म्हणजे पुढे, 'पेलेरे' म्हणजे ढकलणं, हाकणं. याच 'पेलेरे'च्या 'पुल्सुस' या रूपातून डॉक्टर बघतात ती पल्स आली. डासांचं रिपेलंटही त्याच घराण्यातलं! त्या हिशेबाने बोट क्लबवर वल्ही मारणारी पोरंही प्रोपेलरच.

जहाजाखालचा मळसूत्री पंखा त्या लॅटिन मुळापेक्षा बराच नंतरचा. १८४५ साली ब्रिटिश नौदलाने पंख्याची 'रॅटलर' आणि बाजूला चाकं असलेली 'अलेक्टो' या दोन जहाजांत चक्क रस्सीखेच लावली. दोघींची इंजिनं जोरात चालू, तरी रॅटलरने अलेक्टोला उलटी ओढत नेली.