मदत हवी आहे: मोटरच्या खोलीत दोन उन्हाळे काढलेली रेड वाईन, बूच वर आलंय

मंडळी, आम्ही जालन्याकडचे द्राक्षवाले, पण खायच्या द्राक्षांचे. वाईनमधलं शून्य कळतं, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

भाचा कॅलिफोर्नियात असतो. २०२३ च्या दिवाळीला येताना त्यानं तिथल्या नापा या वाईनच्या भागातल्या हॉवेल माउंटनच्या एका इस्टेटची बाटली आणली, २०१८ ची रेड ब्लेंड. आमची आई माळकरी, त्यामुळे बाटली घरात ठेवायची सोय नाही. मळ्यात मोटरच्या खोलीत गोणपाटात गुंडाळून उभी केली आणि विसरलो. वर पत्रा. मे महिन्यात बाहेरच पारा बेचाळीसला टेकतो, आतलं तुम्हीच समजा.

आता भाचा पुढच्या आठवड्यात येतोय आणि फोनवर पहिला प्रश्न, "मामा, उघडली का?" काल टोपण कापून बघितलं. बूच काचेच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर, मानेवर जांभळा ओघळ वाळून चिकट झालेला. टॉर्च मारला तर तळाला चहाच्या चोथ्यासारखा गाळ. गेली का ही? प्यायली तर बाधेल का?

अजून एक. बाटलीवर कॅबर्ने सोव्हिन्याँ, मर्लो, कॅबर्ने फ्रँ, पेटी व्हर्डो अशी द्राक्षांच्या चार जातींची नावं आहेत. आमच्या पेटीत दोन जाती निघाल्या तर व्यापारी माल परत करतो, इथं चार मिसळून वर कौतुकानं छापलंय! आणि भाचा सांगतो, हॉवेल माउंटनचं नाव लावायला बाग १४०० फुटांच्या वर लागते. जालना १६०० फुटांच्या आसपास आहे, म्हणजे आम्हीही डोंगरवालेच की.

उत्तर (संभाजीनगरकर): दादा, बाधणार नाही. गाळ म्हणजे रंग आणि टॅनिन (सालीतला तुरट अंश) साकळून बसलेलं. पण चवीची खात्री देत नाही. उष्णतेनं वाईन फुगली, तिनं बूच ढकललं, गार झाल्यावर हवा आत गेली. वर बाटली उभी, म्हणजे बूचही सुकलं. उघडल्यावर ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या फळाचा वास आला तर समजा उन्हानं शिजवली. व्हिनेगरचा आला तर ओतून द्या.

मिसळण्याचं म्हणाल तर प्रत्येक जातीचं काम वेगळं. कॅबर्नेचा कणा, मर्लोचा मऊपणा, पेटी व्हर्डो रंगाला, तीही थोडीच. अमेरिकेत बाटलीवर एकाच जातीचं नाव टाकायचं तर ती किमान ७५ टक्के लागते, नसेल तर नुसतं 'रेड वाईन'. आणि उंची नुसती पुरत नाही. तिथली ज्वालामुखीची माती पातळ, मणी बारीक, साल जाड. रसाच्या मानानं साल जास्त, म्हणून रंग आणि तुरटपणा दोन्ही जास्त. तुम्ही मणी फुगवायला जीएत (जिबरेलिक ॲसिडमध्ये) घड बुडवता, ते बारीक राहिला म्हणून खूश.

आदल्या दिवशी उभीच ठेवा, पिण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये. सावकाश ओता, गाळ मानेशी आला की थांबा.

धागाकर्ता: काल मळ्यात उघडली. बूच निम्म्यात तुटलं, उरलेलं आत ढकललं आणि चहाच्या गाळणीतून ओतली. व्हिनेगर नव्हतं, पण वास थेट पाकातल्या मनुकांचा. भाच्यानं एक घोट घेतला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही हिचे बेदाणे केले." तरी दोघांनी अर्धी संपवली.

त्यानं यंदाही एक आणलीय. फ्रिज आईच्या ताब्यात आहे. पत्र्याशिवाय दुसरी जागा सुचवा.