आरसेमहाल कुठाय?

भव्य सेट नसतील तर इतिहासपट कोरडे वाटतात, असं कुणीतरी म्हटलंय. थोडंफार पटलं. पण पुण्यात राहून एक गंमत कायम बघतो. 'बाजीराव मस्तानी' (२०१५) या सिनेमात आरशांनी मढवलेला महाल दिसल्यापासून पाहुण्यांना शनिवारवाड्यात नेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आरसेमहाल कुठाय?" मी आपला दिल्ली दरवाज्यावरचे ते हत्ती अडवायचे अणकुचीदार खिळे कौतुकानं दाखवतोय आणि मंडळी आतले उघडे चौथरे बघून हिरमुसलेली! अहो, १८२८ च्या आगीत आतला लाकडी वाडा जळून गेला. उरले तट, बुरूज आणि जोती. मग दिग्दर्शकाला मोकळं रान मिळणारच. आरशांबद्दल माझी तक्रार नाही. काशीबाई नि मस्तानीला एकत्र पिंगा घालायला लावला, ते मात्र अजून खटकतं.

उलट 'प्रभात'चा 'रामशास्त्री' (१९४४) घ्या. पुण्यातच बनलेला. नारायणरावाच्या खुनाबद्दल खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सुनावणारा न्यायाधीश, आणि सगळा जोर त्याच्या शब्दावर. मिळाला तर जरूर बघा, आणि मग एकदा वाड्यात चक्कर मारा. सकाळी जा, दुपारी फरशी फार तापते.