जो लुई कर्जबाजारी कसा झाला: उधळपट्टीने की आयकराने?

कसबापेठकर:
सर्व जाणकारांना नमस्कार. माझा भाचा गेली दोन वर्षे पुण्यातच बॉक्सिंग शिकत आहे. दहावीनंतर त्याने ते चालू ठेवावे का, असा विषय परवा जेवताना निघाला, तेव्हा त्याच्या आजोबांनी अमेरिकन मुष्टियोद्धा जो लुईचा दाखला दिला. त्यांच्या म्हणण्यानुसार लुईने लाखो डॉलर मिळवले, तितकेच उधळले आणि म्हातारपणी लास व्हेगासच्या एका जुगारघरात दारवान म्हणून दिवस काढले. ज्याने १९३७ ते १९४९ अशी साडेअकरा वर्षे हेवीवेट किताब सांभाळला आणि पंचवीस वेळा तो राखून दाखवला, त्याची अशी दशा केवळ उधळपट्टीने झाली असेल, हे मला पटत नाही. देशासाठी लढला म्हणून करखात्याने त्याला बुडवले, असेही कानावर आले आहे. यात खरे किती?

हिशेबनीस:
लक्ष्मी रस्त्यावर तीस वर्षे लोकांची विवरणपत्रे भरत असल्याने या प्रकरणात मला बॉक्सिंगपेक्षा कराचाच रस अधिक आहे, हे आधीच कबूल करतो. लुई ९ जानेवारी १९४२ रोजी बडी बेअरशी आणि २७ मार्चला एब सायमनशी किताब पणाला लावून लढला. पहिल्या लढतीची आपली रक्कम त्याने नौदलाच्या साहाय्यनिधीला दिली आणि दुसरीची लष्कराच्या. खात्याने मात्र ती त्याचेच उत्पन्न धरली. हे ऐकायला संतापजनक वाटते, पण करसल्लागाराला त्यात नवल वाटणार नाही. पैसा आपल्या हाती येण्याआधीच दुसऱ्याच्या हक्काचा झालेला असतो की हाती आल्यावर आपण तो देऊन टाकतो, हा भेद आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये शीतलदास तीरथदास खटल्यात स्पष्ट केला आहे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर, लुईचे दान दुसऱ्या खान्यात पडले, म्हणजे हाती आल्यावर दिलेले, म्हणून करपात्र ठरले.

तरीही या दोन रकमा मिळून एक लाख डॉलरही होत नव्हत्या, त्यामुळे देशभक्तीने त्याला बुडवले ही गोष्ट अर्धीच खरी म्हणावी लागेल. खरी मेख १९४६ सालात आहे. बिली कॉनबरोबरच्या दुसऱ्या लढतीचे त्याला सहा लाख डॉलरांच्या आसपास मिळाले. त्यातून व्यवस्थापकाचा वाटा गेला, सैन्यात असताना आयोजकाकडून घेतलेली उचल फिटली, घटस्फोटित पत्नीला द्यायचे ते दिले गेले, आणि कराचे पैसे बाजूला काढायचे राहून गेले. त्या काळी अमेरिकेत उत्पन्नाच्या सर्वात वरच्या टप्प्यावर नव्वद टक्क्यांच्या घरात कर होता. त्या टप्प्यात पोहोचलेल्या माणसाला जुन्या देण्यातले दहा डॉलर फेडायला नवे शंभर मिळवावे लागत, आणि थकबाकीवरचे व्याज चढतच असे. म्हणून तर निवृत्तीनंतर तो पुन्हा रिंगणात उतरला. सप्टेंबर १९५० मध्ये एझर्ड चार्ल्सकडून तो हरला, आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकले. या लढतींच्या कमाईवर पुन्हा नवा कर बसला. १९५३ मध्ये आई वारली, तेव्हा तिने त्याच्यासाठी ठेवलेले ६६७ डॉलरही खात्याने घेतले. त्या दशकाच्या अखेरीस देणे दहा लाख डॉलरांच्या वर गेले होते.

आडवाबोळ:
हिशेबनीसांचा हिशेब मान्य आहे, परंतु आजोबांना अगदीच खोटे पाडू नका. लुईचा हात सढळ होता. उपाहारगृह, सॉफ्टबॉलचा संघ, स्वतःच्या नावाचे पेय, असे अनेक उद्योग त्याने पैसे घालून बुडवले आणि गोल्फच्या पैजांवरही बरेच गमावले. मात्र त्याच माणसाने, आपल्या घराने हलाखीत घेतलेली सरकारी मदत हाती पैसा येताच डेट्रॉइटला परत केली होती.

वानवडीचा निवृत्त सुभेदार:
'दारवान' या शब्दाला माझा आक्षेप आहे. त्या जुगारघरात, म्हणजे सीझर्स पॅलेसमध्ये, येणाऱ्यांचे स्वागत करणे, त्यांच्याशी गप्पा मारणे, हे त्याचे पगारी काम होते, आणि लोक त्याला भेटायला येत असत. त्याआधी १९५६ मध्ये तो पैशासाठी व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात उतरला होता, ते मला अधिक क्लेशदायक वाटते. त्याची तिसरी पत्नी मार्था वकील होती. पुढे साठच्या दशकात खात्याने चालू उत्पन्नापुरताच कर घेण्याचे मान्य केले आणि जुन्या देण्याचा तगादा थांबला, पण तोवर प्रकृती ढासळू लागली होती. १९७० मध्ये त्याला मानसिक आजारासाठी डेन्व्हरच्या रुग्णालयात ठेवावे लागले, आणि १९७७ मधल्या हृदयशस्त्रक्रियेनंतर तो चाकाच्या खुर्चीला खिळला. १२ एप्रिल १९८१ रोजी तो गेला. आदल्याच रात्री तो लॅरी होम्सची लढत पाहायला हजर होता. आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीतील त्याच्या अंत्यविधीच्या खर्चाला मॅक्स श्मेलिंगने हातभार लावला. होय, तोच जर्मन, ज्याला लुईने १९३८ मध्ये १२४ सेकंदांत आडवे केले होते.

आमच्या फौजेतील मुष्टियोद्धे कौर सिंग यांचेही आजोबांना सांगा. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले, पुढे पद्मश्रीही मिळाली, आणि तरी उतारवयात संगरूर जिल्ह्यात शेती करताना हृदयाच्या उपचारांसाठी त्यांना कर्ज काढावे लागले. उधळण्याइतका पैसा त्यांच्याकडे कधी आलाच नव्हता.

कसबापेठकर:
सर्वांचे आभार. आजोबांना सगळे वाचून दाखवले. ६६७ डॉलरांचा आकडा त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि 'दारवान' हा शब्द मागे घेतला. गोल्फच्या पैजा मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवल्या आहेत.