हॉलसाठी सामान ठेवायचं बाकडं घरीच करायचंय, कमी खर्चात. मापं सांगाल का?

धायरीची_आई
नमस्कार. पुण्यात धायरीला आमचं वन बीएचके आहे, हॉल १० बाय १४. आम्ही दोघं, सासूबाई, मोठा मुलगा ८ वर्षांचा आणि धाकटी ३. सोफा नाही. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि सासूबाईंची लोखंडी खाट, एवढीच बैठक. कोणी आलं की सासूबाईंना आडवं पडलेलं असताना उठून बसावं लागतं, आणि ते मला फार लागतं.

खिडकीखाली ८ फूट भिंत मोकळी आहे. तिथे ४-४ फुटांची दोन बाकडी करायची, आत सामान मावेल अशी. गोधड्या, मुलांचे ठोकळे, गणपतीच्या मखराचं सामान, किल्ल्यावरचे मावळे, सगळं आज माळ्यावर आहे आणि दर वेळी स्टूल लावून काढावं लागतं.

सुतारांनी मटेरियलसकट २२,००० सांगितले. माझ्याकडे भिशीचे १०,००० आहेत. मिस्टरांना ड्रिल चालवता येतं. प्लाय घ्यावा की जुन्या पाइनच्या फळ्या? आणि उंची किती ठेवू? सासूबाईंचे गुडघे दुखतात.

रंधा_गुण्या
ताई, प्लायच घ्या. मी पिंपरीला टूलरूममध्ये ३२ वर्षं काढली. लाकूडकाम निवृत्तीनंतर शिकलो आणि अशी तीन बाकडी केली.

१८ मिमीच्या ८ बाय ४ च्या एका शीटमध्ये एक बाकडं निघतं. शीटच्या ४८ इंची रुंदीला आडव्या पट्ट्या काढायच्या. पुढची आणि मागची बाजू १२-१२ इंच, झाकण १६, तळ साडेचौदा, आणि आणखी एक १२ ची पट्टी. या शेवटच्या पट्टीतून साडेचौदा इंच लांबीचे तीन तुकडे काढा, दोन बाजूंचे आणि एक मधला पडदा. तळ आत बसतो, म्हणून त्याची लांबी साडेशेहेचाळीस करा. मधला पडदा तळावर उभा राहतो, म्हणून तो उंचीला पाऊण इंच कमी. करवतीत जाणारं धरून ६७ इंच लागतात. उरलेल्या तुकड्यात चपलांचं स्टँड होईल. मधला पडदा वाचवू नका, तो नसला तर ४ फुटांचं झाकण मध्ये झोल खातं.

शीट दुकानातच मशीनवर कापून घ्या. भवानी पेठेत टिंबर मार्केटला कटिंग करून देणारे आहेत. अख्खी शीट लिफ्टमध्ये जात नाही, आणि हातकरवतीने ४८ इंच सरळ कापणं नवख्याला जमत नाही. स्क्रू, पाय वगैरे बोहरी आळीत बघा. स्क्रू दीड इंची, आणि आधी बारीक भोक पाडूनच. प्लायच्या कडेत थेट स्क्रू मारला की थर फाकतात.

हॉलसाठी आयएस ३०३ चा एमआर ग्रेड, म्हणजे दमटपणा सोसणारा प्लाय, पुरतो. आयएस ७१० वाला मरीन प्लाय महाग, तो मोरीजवळच्या कामाला ठेवा. मात्र खिडकीतून झड आत येत असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. बाकडं भिंतीपासून दोन बोटं सुटं ठेवा, पावसाळ्यात भिंतीला ओल येते.

पाय ३ इंची लावाच. माझं पहिलं बाकडं थेट फरशीवर होतं. आपल्याकडे रोज ओल्या फडक्याने फरशी पुसतात, ते पाणी प्लायच्या कापलेल्या कडेने शोषलं. दुसऱ्या पावसाळ्यात खालची कड बोटभर फुगली आणि थर पानांसारखे सुटले. आता कापलेल्या प्रत्येक कडेला, न दिसणाऱ्यासुद्धा, प्राइमरचे दोन हात देतो, मग ऑइल पेंट.

आता झाकण. हे मनावर घ्या. अख्खं झाकण ५ किलोच्या वर भरतं. मी ते बिजागरीवर लावलं होतं. माझी नात तेव्हा ४ वर्षांची, आत बाहुली ठेवताना झाकण तिच्या बोटांवर आलं. हाड वाचलं, दोन नखं काळी पडून गेली. त्याच रात्री मी बिजागरी काढली. आता झाकण मधोमध कापून दोन करतो, दोन्हींचा आतला काठ मधल्या पडद्यावर टेकतो. बिजागरी नाही, खालून पट्ट्या ठोकल्या की सरकत नाही, पुढच्या कडेला उचलायला अर्धगोल खाच. कडी-कोयंडा अजिबात नको. मुलं लपाछपीत आत शिरतात. मागच्या बाजूला प्रत्येक कप्प्याला इंचभराची तीन भोकं पाडा. हवा खेळते, गोधड्यांना कुबट वासही येत नाही.

भोसरीकर
पाइन स्वस्त पडतं हे खरं. कंपन्यांची पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, भोसरी-चाकणला भंगारात मिळतात. पण परदेशी मालाच्या पॅलेटवरचा शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली. एमबी घरात आणू नका. आणि खिळे उपसून फळ्या रंधण्यात दोन-तीन रविवार जातात. तीन वर्षांची मुलगी घरात आहे, कुसळं राहिलेली चालणार नाहीत. मीही प्लायच म्हणेन.

सुईदोरा
गादीचं मी सांगते, शिवणकाम करते म्हणून. २ इंची फोम घ्या पण ४० डेन्सिटीचा मागा. हलका घेतला तर थोड्याच दिवसांत बसल्यावर फळी लागते, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना ते लगेच जाणवतं. झाकणं दोन तर गाद्याही दोन करा, नाहीतर अर्धं उघडायला सगळी उचलावी लागेल. खोळींना सोलापुरी चादर वापरा. ६० बाय ९० च्या एका चादरीत चारही गाद्यांचे वरचे-खालचे आठ तुकडे निघतात. कापायच्या आधी चादर एकदा धुऊन घ्या, आटते. चेन मागच्या बाजूला ठेवा.

धायरीची_आई
काका, नातीचं वाचून मी दोन दिवस नुसती झाकणाचाच विचार करत होते. आम्ही बिजागरी लावत नाही.

उंचीचं काल करून पाहिलं. पत्र्याच्या ट्रंकेवर पाट रचले आणि सासूबाईंना बसवलं. १७ इंचाला त्यांना मांडीवर हात दाबून उठावं लागलं. १८ ला एक हात टेकला. १९ ला हात न लावता उठल्या, आणि ‘एवढंच ठेव गं’ म्हणाल्या. पण मग धाकटीचे पाय लोंबकळतात.

रंधा_गुण्या
धाकटी वाढेल. सासूबाईंच्या मापाने करा. पेटी १२ चीच ठेवा, फक्त पाय सव्वाचार इंची घ्या. फोम धरून १९ होतात. ४८ इंची पेटीला एवढ्या उंच पायांवर मध्ये आधार हवा, म्हणून चारऐवजी सहा पाय, मधले दोन बरोबर पडद्याखाली. शीट कापायला जायच्या आधी पट्ट्यांची आकृती कागदावर काढून फोटो इथे टाका. मी मापं तपासून देतो, मगच मशीनवर द्या.