मदत हवी आहे: प्रतिपक्षाने सुचवलेला मध्यस्थ नाकारता येतो का?

उंबरठा: न्यायालयाने आमचा दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली मध्यस्थीकडे पाठवला असून सोमवारपर्यंत मध्यस्थाचे नाव कळवायचे आहे. प्रतिपक्षाने एका ज्येष्ठ वकिलांचे नाव दिले आहे, आणि आमचे वकील ‘हरकत नाही’ एवढेच म्हणतात. मला ते नाव नको आहे. नकार दिला तर न्यायालयाची नाराजी ओढवेल का? कृपया लवकर सांगावे.

काळाकोट: दावा कशाचा आहे? हे वकील मध्यस्थी केंद्राच्या पॅनेलवर आहेत का? आणि नाव नको, ते का?

जुनावादी: मध्यस्थीच्या फेऱ्यात पडूच नका, लोकअदालतीत जा. आमचे प्रकरण तिथे एका दिवसात मिटले, शिवाय निवाड्यावर अपील नाही.

काळाकोट: मध्यस्थीतील तडजोडीवर त्याच संहितेच्या आदेश २३ नियम ३ खाली हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम आदेश) होतो, आणि संमतीच्या हुकूमनाम्यावरही कलम ९६(३) मुळे अपील चालत नाही, तेव्हा यात लोकअदालतीचे वेगळेपण काय राहिले?

सहीशिक्का: तडजोड झाल्यास कोर्ट फी परत मागायला विसरू नका.

उंबरठा: फीचे नंतर पाहू. दावा मालमत्तेच्या वाटपाचा आहे, आम्ही तीन भावंडे. ते वकील पॅनेलवर आहेत. पण थोरल्या भावाच्या खरेदीखताचा मसुदा त्यांनीच केला होता, शेवटच्या पानावर त्यांचा शिक्काही आहे.

काळाकोट: अहो, हेच पहिल्या ओळीत हवे होते! सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या ॲफकॉन्स निकालानुसार लवादाकडे (म्हणजे स्वतः निवाडा देणाऱ्याकडे) जायला सर्व पक्षांची संमती लागते, मध्यस्थीला लागत नाही. म्हणून अर्जात मध्यस्थीला विरोध करू नका, हरकत केवळ या व्यक्तीपुरती ठेवा. त्या पानाची प्रत जोडा आणि पॅनेलवरील दुसरी दोन नावे सुचवा. पूर्वी एका पक्षाचे काम केलेल्या मध्यस्थावर सकारण हरकत घेतल्याने कोणी नाराज होत नाही.

उंबरठा: बैठकीत मी काही कबूल केले आणि पुढे फिसकटले, तर ते न्यायाधीशांपर्यंत जाईल का?

काळाकोट: नाही. मोती राम प्रकरणात, तेही २०१० चेच, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की तडजोड न झाल्यास मध्यस्थाने ‘मध्यस्थी यशस्वी झाली नाही’ एवढेच कळवावे.

जुनावादी: नाव सुचवायचेच तर निवृत्त न्यायाधीशांचे सुचवा, त्यांचा शब्द भाऊ मोडणार नाही.

काळाकोट: मध्यस्थाला निकाल द्यायचाच नसतो, मग शब्द मोडण्याचा प्रश्न येतो कुठे? वाटपाचे दावे स्वतः हाताळलेली आणि तिघांनाही वेगवेगळे बसवून शांतपणे ऐकणारी व्यक्ती पाहा.

उंबरठा: खरेदीखताची प्रत सापडली, शिक्का स्पष्ट दिसतो आहे. वकिलांना आजच अर्ज करायला सांगतो.