मदत हवी आहे: हुकूमशाहीच्या धड्यात बायकांचं काय शिकवू? परवा तास

पारोळा_मास्तर:
परवा धडा घ्यायचाय. स्त्रियांचे अनुभव आणा, असं वरून सांगितलंय. पुस्तकात ओळी मोजक्याच. लगेच सांगा.

तापीकाठ:
कोणता हुकूमशहा भो? हिटलर, फ्रँको की पिनोशे? वर्ग कोणता, पोरं किती?

पारोळा_मास्तर:
हिटलर, अजून कोण! नववी, ५२ जण, ३५ मिनिटं.

अमळनेरची_ताई:
मग हिशेबापासून धरा. १९३३ चं सरकारी विवाहकर्ज, नव्या जोडप्यांना: १००० मार्कांपर्यंत (मार्क म्हणजे जर्मन चलन), रोख नाही, सामानाची कुपनं, तीही नवऱ्याच्या हाती. मुख्य अट, बायकोनं नोकरी सोडायची. दर मुलामागे पाव कर्ज माफ. पोरांना फळ्यावर मांडू द्या. चौथ्या मुलाला कर्ज फिटतं. ८ मिनिटं पुरतात. लगेच त्याच वर्षीचा नसबंदीचा कायदा घ्या: सुमारे ४ लाख स्त्री-पुरुषांवर सक्ती. एकीला मूल व्हावं म्हणून कर्ज, दुसरीला होऊच नये म्हणून शस्त्रक्रिया. हे कोण ठरवतं, एवढंच विचारा.

तापीकाठ:
ताई, एवढ्यावर सोडलं तर पोरं 'चूल आणि मूल' लिहून मोकळी होतात. १९३७ ला नोकरीची अट काढलीच, कारण कारखान्यांना हात कमी पडू लागले. आणि रावेन्सब्रुकच्या महिला छळछावणीत आतल्या पहारेकरी बायकाच होत्या. बायका म्हणजे नुसत्या बळी, असं नको.

अमळनेरची_ताई:
३५ मिनिटांत रावेन्सब्रुक? छळाची वर्णनं वाचली की नववीत मागच्या बाकावर हसू फुटतं, भीतीनंच. त्यापेक्षा बर्लिनमधली रोझेनस्ट्रासे ही गल्ली, १९४३: ज्यू नवरे पकडले, त्यांच्या ज्यू नसलेल्या बायका रस्त्यावर उभ्या राहिल्या, बहुतेक नवरे सुटले.

तापीकाठ:
बायकांमुळेच सुटले का, यावर इतिहासकार भांडतात. तेही सांगा.

केळीचा_घड:
आणीबाणीच घ्या ना. मृणाल गोरे तुरुंगात होत्या.

तापीकाठ:
धडा जर्मनीचा आहे हो!

साक्री_संगणक:
पीपीटी कृतिदेवमध्ये करू नका. शाळेच्या संगणकात फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. युनिकोडच वापरा.

पारोळा_मास्तर:
पीपीटी कोण करतंय, दुपारी लाईट असते कुठे! खडूच. कर्जाचा हिशेब घेतो. पदकाचंही काही होतं ना?

अमळनेरची_ताई:
मातृपदक, १९३८. ४ मुलांना कांस्य, ६ ला रौप्य, ८ ला सुवर्ण. ज्यू आईला काहीच नाही. पण कर्जाच्या आधी काढू नका, पोरं पदकातच अडकतात.